माळापासून कड्यापर्यंत

1953 साली रॉजर टोरी पीटरसन हा अमेरिकी पक्षीचित्रकार आणि जेम्स फिशर हा त्याचा इंग्रज मित्र न्यूफाउंडलंडहून निघाले आणि अख्ख्या उत्तर अमेरिकेला वळसा घालत अलास्कापर्यंत गेले. शंभर दिवस आणि तीस हजार मैल, त्यातले बहुतेक मोटारीने. 1955 मध्ये त्या प्रवासाचं ‘वाइल्ड अमेरिका’ हे पुस्तक आलं आणि गाडी काढून खंड ओलांडत पक्षी पाहत जायची ओढ कित्येकांना लागली. पुढे 2015 मध्ये नोआ स्ट्रायकर या तरुणाने एका वर्षात 41 देश फिरून 6,042 जातींचे पक्षी पाहिले. मला ही माणसं मनापासून आवडतात. अनोळखी रानात पहाटे उभं राहावं आणि कधी न ऐकलेला आवाज नेमका कुठल्या झाडातून येतोय ते शोधावं, या सुखासाठी कुणी घरदार सोडून वर्षभर हिंडला तर ते मला पुरेपूर पटतं.

माझा रस्ता मात्र दोन तालुक्यांत मावतो. जुन्नरच्या पूर्वेला आणे पठार आणि पश्चिमेला नाणेघाटाचा कडा. आंबेगावच्या पूर्वेला लोणी-धामणीचा कोरडा पट्टा आणि पश्चिमेला आहुपे, भीमाशंकरचं रान. उजाडता निघालं तर न्याहारी माळावर होते आणि दुपारची भाकरी सह्याद्रीच्या धारेवर. तेवढ्यात सगळं पालटतं. पूर्वेकडे मृगाचे चार थेंब पडले तरी माणसं आभाळाकडे बघून हात जोडतात; पश्चिमेकडे आवणीच्या दिवसांत अंगावरचं इरलं उतरत नाही. मुरमाची लाल माती होते, बोरी-हिवराच्या जागी हिरडा-जांभूळ येतात, आणि माळावर सकाळी भेटलेला पक्षी संध्याकाळी कड्यावर शोधूनही सापडत नाही. पीटरसनला वाळवंटापासून हिरव्या अरण्यापर्यंत पोचायला आठवडे लागले असतील. इथे तो पालट एका दिवसाच्या वाटेचा आहे, आणि म्हणून तो डोळ्यांदेखत घडताना दिसतो.

कल्याण-नगर रस्त्याने आळेफाटा मागे टाकून आणे घाट चढलं की जुन्नरचा जो भाग लागतो, तिकडे सहलीच्या गाड्या वळत नाहीत. शिवनेरी, लेण्याद्री, ओझर, माळशेज सगळं दुसऱ्या दिशेला. इथे उघडं पठार, तरवडाची झुडपं, कुसळी गवत आणि वारा. जून-जुलैत धनगरांचे वाडे या बाजूला असतात. दिवाळीनंतर घाट उतरून कोकणात जायचं आणि पावसाळ्याला पुन्हा या कोरड्या अंगाला यायचं, हा त्यांचा पिढ्यान् पिढ्यांचा फेरा. अशाच एका वाड्याजवळ मी दुर्बीण घेऊन बसले होते. म्हातारबाबांनी विचारलं, “काय सांडलंय का ताई?”

“नाही बाबा. चंडोल बघतेय. तुरा असतो बारीक, पोट तांबूस.”

“त्यो व्हय. त्यो दगडाच्या आडोशाला घर करतो. मेंढरं सोडायच्या आधी आमी बघून घेतो. पाय पडाय नको.”

आणि काठीच्या टोकाने त्यांनी दाखवलं. बसल्या जागेपासून फार लांब नव्हतं. मुठीएवढ्या दगडाच्या सावलीच्या बाजूला, खुराने उमटावा तेवढ्या खोलगटात सुक्या काड्यांची वाटोळी बैठक आणि तीत ठिपक्या-ठिपक्यांची अंडी. अंड्यांचा रंग मुरमात असा विरलेला की नजर हलली तर पुन्हा जागा शोधावी लागे. नर वर आभाळात होता. चिमणीएवढा जीव, पंख फडफडवत एका जागी तरंगत गात होता. आणि त्या गाण्यात मधेच टिटवीची ओरड, मधेच कोतवालाची शीळ. दुसऱ्या पाखरांचे आवाज उचलून आपल्या गाण्यात गुंफण्याची या चंडोलाला सवय आहे. खाली उतरला तेव्हा त्याची छाती स्वच्छ दिसली. साध्या तुरेवाल्या चंडोलाच्या छातीवर रेघांची गर्दी असते. याच्या तांबूस छातीवर वरच्या अंगाला मोजक्याच, आखूड. द्वीपकल्पाचा कोरडा भाग सोडून हा पक्षी जगात कुठेच राहत नाही. पक्षीशास्त्रात तो ‘साईक्सचा चंडोल’ म्हणून ओळखला जातो आणि त्याचं शास्त्रीय नाव ‘गॅलेरिडा देवा’.

हा साईक्स म्हणजे विल्यम हेन्री साईक्स, मुंबईच्या फौजेतला अधिकारी. पेशवाई 1818 मध्ये बुडाली, आणि नवा आलेला अंमल आपण नेमकं काय जिंकलंय ते मोजायला बसला. 1824 साली मुंबईचा गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने साईक्सला दख्खनची माहिती गोळा करायला नेमलं. माणसं किती, विहिरी किती, जमिनीचा मालक कोण, बाजरीचा भाव काय, पाऊस केव्हा येतो, हवेचा दाब किती, हे सगळं विचारत, तंबू उठवत आणि टाकत तो वर्षानुवर्षं या मुलखात हिंडला. मधेच ते पदच रद्द झालं, तरी त्याने 1831 पर्यंत काम ओढत नेलं. हेतू सारावसुलीचा होता, यात शंका नाही. पण प्रश्न विचारायची सवय लागलेल्या माणसाला कुठे थांबायचं ते कळत नसावं. त्याने मासे पाहिले, लांडगे पाहिले, जुने कागद पाहिले, आणि पक्षी पाहिले. 1832 मध्ये लंडनच्या झूलॉजिकल सोसायटीपुढे त्याने दख्खनच्या पक्ष्यांची यादी मांडली. तीत दोनशेहून अधिक जाती होत्या आणि त्यांतल्या पन्नासहून जास्त शास्त्राला तोवर ठाऊक नव्हत्या.

त्या काळी पक्षी पाहणं म्हणजे पक्षी मारणं होतं, हे ध्यानात ठेवूनच मी ती यादी वाचते. आणि आणखी एक गोष्ट मनात ठेवते. त्याला वाट दाखवणारे, पाखरू कुठे बसतं ते सांगणारे, मारलेल्या पक्ष्याचं कातडं सोलून वाळवणारे, पेट्या वाहणारे हात इथलेच असणार. त्या हातांची नावं यादीत नाहीत. म्हातारबाबा काठीने घरटं दाखवत होते तेव्हा मला त्या माणसांचीच आठवण झाली.

यादीतला सगळ्यांत मोठा धक्का दुर्मीळ पक्ष्याचा नाही. तो ढोकरीचा आहे. ओढ्याच्या काठाला, पाटाच्या कडेला, भाताच्या खाचरात, मान आखडून एका जागी उभा असणारा मळकट बगळा. उडाला की एकदम पांढरा होतो आणि बसला की पुन्हा चिखलात मिसळतो. पुस्तकात त्याला वंचक म्हणतात. हा पक्षी 1832 पर्यंत पाश्चात्त्य शास्त्राच्या दफ्तरी नव्हता. साईक्सने त्याचं वर्णन छापलं तेव्हा तो ‘नवा’ झाला. प्रत्येक गावाने, प्रत्येक गुराख्याने, नदीवर धुणं धुणाऱ्या प्रत्येक बाईने जन्मभर पाहिलेला पक्षी! तीच गोष्ट मोठ्या करड्या सातभाईची. बांधावर घोळक्याने उड्या मारत कलकलाट करणारे हे पक्षी, शेपटीच्या दोन्ही कडांना पांढरी पिसं. साईक्सने त्यांना सर जॉन माल्कमचं नाव दिलं. एल्फिन्स्टननंतर माल्कम मुंबईचा गव्हर्नर झाला होता. हे नाव मला कधीच भावलं नाही. रानमैनेच्या इकडच्या उपजातीला दिलेलं ‘महरात्तेन्सिस’ तेवढं जवळचं वाटतं.

हिवाळ्यात हाच माळ दुसऱ्या प्रवाशांचा होतो. बाभळीच्या काट्यांत एक फिकट मातकट, कसलीच खूण नसलेला वटवट्या असतो. ‘चक्, चक्’ असा कोरडा आवाज करत फांदीतून फांदीत सरकत राहतो. त्याच्याकडे बघून कुणी थांबणार नाही. पण त्याचा जन्म कझाकस्तान, तुर्कमेनिस्तान, इराण या बाजूचा. तिथल्या झुडपांत तो वाढतो आणि थंडीला इकडे येतो. साईक्सला तो इथे, हिवाळी मुक्कामात भेटला आणि त्याने त्याला रामाचं नाव दिलं. आज कझाकस्तानातला अभ्यासक आपल्या अंगणात घरटं करणाऱ्या पाखराला त्याच नावाने नोंदवतो. भोवत्याही त्याच गवताळ प्रदेशांतून येतात. माळावर हातभर उंचीवरून, पंख किंचित वर धरून, गवताच्या शेंड्यांना लागून जाणारा भोवत्या एकदा दिसला की सकाळ सार्थकी लागते. आणि भोरड्या! ज्वारी हुरड्यात आली की गुलाबी-काळ्या भोरड्यांचे थवे उतरतात आणि माळ्यावर गोफण घेऊन बसलेली पोरं हाकारे घालतात. पूर्व युरोप ते मध्य आशिया एवढ्या लांबून आलेलं पाखरू आणि त्याला ‘हाऽऽ हुर्र’ करणारं धामणीकडचं पोर, यांची गाठ दर साली पडते.

आळेफाटा, नारायणगाव, मंचर या मधल्या पट्ट्यावर मी फार रेंगाळत नाही. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगा आणि डिंभे या धरणांनी तो हिरवा केला आहे. टोमॅटो, द्राक्षं, कांदा, बटाटा, आणि जिकडे तिकडे ऊस. उसात बिबटे आले आणि त्यांच्याबरोबर माणसांच्या मनात जी भीती आली ती खरी आहे. अंधार पडल्यावर मोटार चालू करायला शेतात जाणाऱ्यापुढे मी पाखरांचं कौतुक सांगू शकत नाही. सुगरणी, वेडे राघू, खंड्या, कोतवाल हे इथले. ते आहेत, भरपूर आहेत, आणि त्यांना बघत पुढे जायचं.

घोडेगाव सोडलं की डोंगर जवळ येतात. तालुक्याचं नाव आंबेगाव, पण ते गाव घोड नदीवरच्या डिंभे धरणाखाली गेलं. नाव तेवढं तालुक्याला राहिलं. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की जलाशयाच्या कडेची ओली जमीन उघडी पडते. धरणग्रस्त आदिवासींनी त्या जमिनीत पिकं घेण्याचा आणि जलाशयात मासेमारी करण्याचा हक्क झगडून मिळवला. त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या ‘शाश्वत’ संस्थेला 2012 मध्ये संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. त्या ओल्या पट्टीवर मी हिवाळ्याच्या अखेरीला धोबी पाहिले आहेत, शेपटी हलवत माणसांच्या पावलांमागून चालणारे. जाळं ओढणारी माणसं आणि चिखलात किडे टिपणारी पाखरं, दोघंही धरणाने बदललेल्या जागेत आपापलं बस्तान बसवत होती.

भीमाशंकरचं अभयारण्य 1985 मध्ये जाहीर झालं ते मुख्यतः शेकरूसाठी. पण मार्चात पांगारा फुलतो तेव्हा मी तिकडे जाते ती काळ्या बुलबुलासाठी. निष्पर्ण पांगाऱ्यावर लालभडक फुलं आणि त्यांत हा राखी-काळा पक्षी. चोच पोवळ्याच्या रंगाची, पायही तसेच, डोक्यावरचे केस विसकटलेले, शेपटी टोकाला सरळ कापलेली. एकटा क्वचितच, पाच-सात जण मिळून येतात आणि झाड दणाणून सोडतात. त्यांच्या गोंगाटात मधूनच मांजराच्या पिलासारखा एक लांबट म्याव निघतो. एकदा मी चढावर होते आणि पांगारा खालच्या उतारावर, त्यामुळे शेंडा माझ्या डोळ्यांसमोर आला. बुलबुल फुलात चोच घालून वर आला की त्याच्या कपाळावर परागांचा पिवळा पट्टा उमटे; तो तसाच दुसऱ्या फुलाकडे जाई, पट्टा जाड होई, आणि मग तो फांदीला चोच घासून साफ करी, कपाळ मात्र तसंच ठेवी. फुलाला हवं होतं ते झालं होतं. साईक्सने या बुलबुलाला ‘गणेसा’ म्हटलं. याच रानातल्या मोठ्या तपकिरी घुबडाला इंद्राणीचं नाव मिळालं. दिवेलागणीनंतर देवराईतून त्याचे खोल हुंकार ऐकू आले की सोबतचे सगळे आपोआप बोलायचे थांबतात.

देवराईबद्दल एक सांगायलाच हवं. आहुप्यासारख्या गावांत ही रानं देवाच्या नावावर राखली गेली, कुऱ्हाड बाहेर ठेवून. अभयारण्याचा कायदा यायच्या कितीतरी आधीपासून घुबडाची ढोली त्या शब्दावर उभी होती. माळाला असा देव मिळाला नाही.

कड्यावर शेवट होतो तो नाणेघाटात. दगडी रांजण, खिंडीची फरसबंद वाट, आणि गुहेतला नागनिका राणीच्या काळचा सातवाहनांचा शिलालेख. 1828 च्या उन्हाळ्यात साईक्स इथे आला होता, आणि जुन्नरच्या लेण्यांतले लेख त्याने 1837 मध्ये छापले. एकाच माणसाने या तालुक्यातली अक्षरंही टिपली आणि पाखरंही, हे मला विलक्षण वाटतं. खिरेश्वरच्या वर, हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावरून ढगात उमटलेलं पूर्ण गोल इंद्रधनुष्य त्याने पाहिलं. त्याची नोंदही त्याने 1835 साली करून ठेवली.

नोव्हेंबरात या धारेवर गवत सोनेरी झालेलं असतं. अशाच एका सकाळी कड्याच्या वर ससाणे दिसले. बारीक अंगाचे, लांब पंखांचे; वाऱ्यावर तोल सावरत किडे पकडायचे आणि उडता उडताच पायाने चोचीशी नेऊन खायचे. नराचं अंग पाटीसारखं काळपट राखाडी, पंखांखाली पांढरं अस्तर, मांड्या तांबड्या. अमूर ससाणे. पूर्व सायबेरिया आणि उत्तर चीन हा त्यांचा मायदेश, आणि जायचं दक्षिण आफ्रिकेला. वाटेत नागालँडात डोयांग जलाशयावर त्यांचे प्रचंड थवे उतरतात. 2012 मध्ये तिथे जाळी लावून त्यांची बेसुमार हत्या झाली, आणि पुढच्याच वर्षी गावांनी ती थांबवली. 2013 च्या नोव्हेंबरात तिथल्या तीन ससाण्यांना उपग्रहाशी जोडलेली यंत्रं लावली. नागा, पांग्ती आणि वोखा अशी त्यांची नावं. तेव्हा कळलं की हे पक्षी भारत ओलांडून थेट अरबी समुद्रावर शिरतात आणि आफ्रिकेचा किनारा येईपर्यंत टेकत नाहीत. दीडशे-दोनशे ग्रॅमचा पक्षी, दिवसरात्र पंख मारत. माझ्या डोक्यावरचे ते ससाणे पश्चिमेकडे तोंड करून होते. खाली कोकण, त्यापुढे समुद्र. कड्याच्या टोकाशी ते थोडा वेळ घिरट्या घालत राहिले, पोटभर खात राहिले, आणि मग एकेक करून उंच चढले. खंड ओलांडणं म्हणजे काय ते मी त्या दिवशी उभ्या जागी पाहिलं, आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

कड्याची काळजी घेणारे पुष्कळ आहेत, असावेतच. मला घोर लागला आहे तो माळाचा. साईक्सचा चंडोल, खडकाळ रानातली लावरी, धाविक, भोवत्या हे सगळे उघड्या गवताचे पक्षी. सरकारी भाषेत ती जमीन पडीक. पडीक म्हटलं की तिथे काहीही करता येतं: खोदून मुरूम न्यावा, प्लॉट पाडावेत, झाडं लावून ‘हिरवं’ करावं. माळावर दाट झाडं लावली की चंडोल संपला, कारण त्याला आभाळ दिसणारी जमीन लागते. सोलापूरजवळ नान्नजला माळढोकासाठी 1979 मध्ये अभयारण्य झालं, आणि तरीही तो पक्षी आज तिथे जवळजवळ दिसेनासा झाला आहे. पाणी येऊ नये असं मी म्हणत नाही. टँकरची वाट पाहत रात्र काढलेल्या बाईला तसं सांगायचा मला काय अधिकार? पण गावाच्या गायरानातला थोडा तुकडा गवत म्हणूनच राहू द्यावा, मेंढ्या तिथे बसू द्याव्यात, एवढं मागणं रास्त आहे. मेंढरं आणि चंडोल एकाच जमिनीवर जगत आले आहेत, हे म्हातारबाबांच्या काठीने मला दाखवलं.

2002 च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीला आपली लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची सोय दिली आहे. बऱ्याच ठिकाणी ती वही कपाटात असते. पठारावरच्या एका गावात मात्र शाळेतल्या गुरुजींनी ती बाहेर काढली, आणि आम्ही पारावर बसून गायरानातली पाखरं लिहिली. कुठल्या महिन्यात, कुठल्या बाजूला, कुणी पाहिलं, गावात काय म्हणतात. चंडोलासमोर म्हातारबाबांचं नाव लागलं. ते म्हणाले, “माझं कशाला? घर त्याचं.” गुरुजींनी तरीही लिहिलं. ढोकरी लिहायची राहूनच जात होती, इतकी ती रोजची. एका पोरीने आठवण केली.

आता आंबेगावच्या पश्चिम अंगाच्या एका गावानेही वही उघडली आहे. साईक्सने इथल्या रानकुत्र्याचं, कोळसुंद्याचं, वर्णन 1831 मध्ये छापलं होतं. डिंभ्याच्या वरच्या वाड्यांत कोळसुंद्यांच्या टोळ्या पाहिलेली म्हातारी माणसं अजून आहेत. एक आजी नव्वदीला टेकल्या आहेत आणि त्यांना ऐकू कमी येतं, पण विचारलं तर सांगतात. त्यांच्याकडे पाऊस लागायच्या आत जायचं ठरलं आहे.